कोपरा सोडायचा नाही

आमच्या सायकलवाल्यांच्या टोळीत सगळ्याची टिंगल व्हायची. कॅप्टनच्या टकलाची, औषधवाल्याच्या रंगीत चड्डीची, माझ्या बडबडीची तर रोजच. फक्त कोपऱ्याच्या नियमाची टिंगल कोणी करत नसे. नियम साधा होता. कॅप्टन सगळ्यात पुढे. वळण आलं की त्याच्या मागे जो कोणी असेल त्याने तिथे उतरायचं आणि उभं राहायचं. त्याला आम्ही खांब म्हणायचो. मागून येणाऱ्या प्रत्येकाला खांबाने हात करून वळण दाखवायचं. सगळ्यांच्या शेवटी पिवळं जॅकेट घातलेला माणूस यायचा, त्याचं नाव शेपूट. पिवळं जॅकेट दिसलं की खांबाची सुटका, तोवर कोपरा सोडायचा नाही. ज्या फाट्यावर खांब नाही तिथे डोकं चालवायचं नाही, सरळ जायचं. आणि आपण चुकलो असं वाटलं तर जिथे असू तिथेच थांबायचं, कोणीतरी शोधत येईल.

हा सगळा कारभार आमच्या ह्यांनी बसवलेला. हे लिफ्टचे मिस्त्री. उभा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्यात गेला, पण दारावर ‘काम चालू आहे’ची पाटी लटकवल्याशिवाय ह्यांनी खड्ड्यात कधी पाऊल टाकलं नाही. एकदा एका बिल्डिंगचा सेक्रेटरी म्हणाला, पाच मिनिटांचं तर काम आहे, पाटी कशाला? हे हत्यारं पिशवीत भरून घरी आले आणि मजेत जेवायला बसले. घरातही तेच. गॅस बंद केला तरी झोपताना उठून बघणार. मी शिवणकाम करते. मशीनवर बसले की माझा पाय थांबत नाही, आणि उठले की जीभ. उकळायच्या आत चहा गाळणारी बाई मी. माझ्या घाईवरून ह्यांची बोलणी खातच आमचा संसार झाला.

मागच्या वर्षी ह्यांच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, उलट चांगलंच आहे, पण धावाधाव नको. मग ठरलं की यंदाच्या दौऱ्यात हे शेपूट होणार. शेपटाला कुठली आलीये घाई? कोणी मागे राहिलं तर त्याच्यासोबत राहायचं, पंक्चर झालं तर काढून द्यायचं, हळूहळू यायचं. पिवळं जॅकेट मीच शिवलं. असं भडक की शेतातली गुरंसुद्धा मान वर करून बघायची. “हे घालून गेलात तर मेघगर्जनेतही दिसाल,” मी म्हणाले होते. त्यावर, गर्जना ऐकू येते, दिसते ती वीज, हे सांगायला हे चुकले नाहीत.

त्या दिवशी दुपारी खांब मी होते.

सकाळी एका शाळेच्या हॉलमधून निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. सामानाचा टेम्पो रात्रीच्या मुक्कामाला पुढे गेला. डोंगराळ मुलूख, कापणी झालेली शेतं, मैलोन्‌मैल माणूस नाही. मला पुढे राहायला आवडतं म्हणून मी कॅप्टनच्या मागे चिकटून होते, आणि जेवणानंतर दुसऱ्याच वळणावर माझी पाळी आली. कॅप्टनने मागे न बघता बोट दाखवलं, “वहिनी, इथे,” आणि तो उजवीकडे वळून गेला. त्याची मोटार ड्रायव्हिंगची शाळा आहे. सगळ्यांशी तो शिकाऊ असल्यासारखाच बोलतो.

कोपरा म्हणजे काय, तर दोन शेतांमधला फाटा. उजवीकडचा रस्ता आमचा, सरळ जाणारा खडीच्या खाणीकडे. कडेला एक बंद गोदाम, त्याचं शटर अर्ध्यावर अडकलेलं. मी सायकल भिंतीला टेकवली आणि उभी राहिले. ह्याआधीचं वळण तलावाच्या फाट्यावर होतं, बरंच मागे, मधल्या चढाच्या पलीकडे. तिथे औषधवाला खांब होता. त्याचं औषधांचं दुकान आहे आणि तो आमच्यात सगळ्यात वेगात चालवतो.

तीन-चार जण माझ्यासमोरून गेले आणि मग आभाळ अचानक काळं झालं. वारा सुटला आणि गारा पडायला लागल्या. बोराएवढ्या गारा. मी शटरखाली शिरले. डांबरावर पांढरा सडा पडला, आणि जी थंडी पडली ती नुसत्या सुती सदऱ्यात अंगाला चावायला लागली. गारा थांबल्यावर बाकीचे एकेक करून आले, ओलेचिंब, कुडकुडत. मी हात करत राहिले. कोणी थांबेना. सगळ्यांना मुक्कामाचा चहा दिसत होता.

मग औषधवाला आला, तोफेच्या गोळ्यासारखा. “सुटलो वहिनी,” तो न थांबताच ओरडला. “शेपूट मागेच आहे.”

मला बरं वाटलं. म्हणजे हे तलावाच्या फाट्यावर पोचले, औषधवाल्याला सोडलं, आता येतीलच. मी सदरा पिळला, सायकल रस्त्यावर आणून उभी केली. थोड्या वेळाने चढावर पिवळा ठिपका दिसला आणि उताराने खाली यायला लागला. जवळ आला तेव्हा बघते तर जॅकेटात हे नव्हते. बँकेत कॅशियर आहे ती पोरगी होती, आमच्यात नवीन. डोक्यावर टोपी ओढलेली, नाक लाल झालेलं.

“हे काय? काका कुठायत?”

“मागे आहेत. त्यांनीच दिलं हे,” ती दात वाजवत म्हणाली. “मी फार कुडकुडत होते. त्यांचं पंक्चर झालं होतं. म्हणाले तू हो पुढे, मी येतोच.”

“कुठे झालं पंक्चर?”

“त्या तलावाच्या फाट्याच्या जरा अलीकडे. म्हणजे, मी तिथे पोचायच्या आधी.”

मला रागच आला. पोरीचा नाही, ह्यांचा. अंगावर ओला सदरा, छातीत दोन स्प्रिंगा, आणि जॅकेट देऊन मोकळे झाले. कर्णाचे अवतारच. मी मुक्कामासाठी पिशवीत राखून ठेवलेला कोरडा स्वेटर काढून तिला दिला, जॅकेट काढून घेतलं. “जा तू,” म्हटलं, “गरम काहीतरी पी. मी ह्यांना घेऊन येते.” ती दोनदा म्हणाली, मी थांबते तुमच्यासोबत. मी तिला पिटाळलं. मला ह्यांच्याशी मनसोक्त भांडायचं होतं आणि त्याला साक्षीदार नको होता.

मी वाट बघत राहिले. काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. जुळवून झालं, तरी चढावर कोणी दिसेना. मी जॅकेट अंगात घातलं. घातल्यावर हात आपसूक आतल्या खिशात गेला, आणि बोटांना ती छोटी बाटली लागली.

तो खिसा मीच शिवला होता. जिभेखाली ठेवायच्या गोळीसाठी, आतल्या बाजूला, डावीकडे, म्हणजे उजव्या हाताला पटकन सापडावा असा. पोरीला जॅकेट देताना ह्यांच्या ते लक्षातच आलं नसणार. मी गोदामाच्या पायरीवर बसले. मग लगेच उठले, कारण बसलेला खांब लांबून दिसत नाही, हेही ह्यांचंच.

फोन काढून बघितला. रेंज नव्हती. सकाळपासूनच नव्हती. फोन हातात धरून मी गोदामाला फेरी मारली, पायरीवर चढले, हात उंच केला. काही नाही.

पंक्चर काढायला ह्यांना किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. घरातल्या दोन्ही सायकलींची पंक्चरं ह्यांनीच काढली आहेत. इतका वेळ लागत नाही. हात गारठलेत म्हणून उशीर, म्हटलं. नळी दोन ठिकाणी फाटली असेल, म्हटलं. पंप खराब झाला असेल. जेवढी कारणं सुचली तेवढी सगळी काढली, आणि मग एकदम ते डोक्यात आलं.

औषधवाला कोपरा सोडून का आला? त्याने पिवळं जॅकेट बघितलं म्हणून. जॅकेटात कोण आहे ते गारांत, टोपीत, त्याला काय दिसणार? शेपूट गेलं असं समजून तो निघाला. म्हणजे तलावाच्या फाट्यावर आता कोणी नाही. आणि ज्या फाट्यावर खांब नाही तिथे काय करायचं?

सरळ जायचं.

दुसरा कोणी असता तर त्याने दोन्ही रस्ते बघितले असते. ओल्या डांबरावर चाकांचे माग शोधले असते, आधीची माणसं कुठे वळली त्याचा अंदाज घेतला असता. हे तसं करणार नाहीत. ह्यांनी स्वतः बसवलेला नियम आहे तो. खांब नाही, म्हणजे सरळ. आम्ही सगळे तिथे उजवीकडे वळून आलो होतो. सरळ रस्ता उतरत तलावाकडे जातो, तिथे वस्ती नाही, हे सकाळी नकाशा दाखवताना कॅप्टन बोलला होता.

मी सायकलवर बसले. एक पाय पॅडलवर ठेवला. आणि तो पाय तिथेच राहिला.

कारण मी गेले, आणि हे येत असले तर? पंक्चर आत्ता काढून झालं असलं, फाट्यावर कशीतरी अक्कल चालवून हे बरोबर वळले असले, तर मधल्या चढाच्या आसपास असतील. मग मी ह्यांना वाटेत भेटेनच की. हे इतकं सरळ होतं, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की हे ह्या कोपऱ्यावर आलेत, इथे खांब नाही, आणि हे सरळ खाणीकडे निघालेत. मी आयुष्यात ह्यांचा एकही नियम धड पाळला नव्हता. गॅसचा नाही, कुलपाचा नाही, गोळ्यांच्या वेळेचा नाही. आणि म्हणून माझा माझ्या घाईवर भरवसा नव्हता. नेहमी मीच चुकते, निदान ह्या वेळी तरी चुकायचं नाही, असं मी स्वतःला बजावत राहिले. देवाची आठवण मला सहसा होत नाही. त्या कोपऱ्यावर झाली. पाठव ह्यांना, म्हटलं, काही बोलणार नाही मी, एक शब्द बोलणार नाही.

सायकलवरून उतरले. पुन्हा चढले. पुन्हा उतरले. चढाच्या माथ्याकडे बघून बघून डोळ्यांत पाणी यायला लागलं, वाऱ्याने की कशाने कोण जाणे. एकदा माथ्यावर काहीतरी हललं आणि मी जोरात हात हलवायला लागले. ते वाऱ्याने उडालेलं प्लास्टिक होतं. मी एकटीच मोठ्याने रडले. आणि तरी उभी राहिले. उजवा हात वळणाकडे करून.

ऊन कललं तेव्हा चढावरून एक मोटारसायकल आली. मागे कोंबड्यांचे पिंजरे बांधलेले, रस्त्याच्या निम्म्या रुंदीचे. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. त्याला थांबावंच लागलं.

“दादा, तुम्ही तलावाच्या फाट्यावरून आलात का? वाटेत एक सायकलवाले दिसले? म्हातारेसे, निळा सदरा, पंक्चर काढत बसलेले?”

“फाट्याच्या कितीतरी मागून येतोय मी ताई. कोणी नाही रस्त्याला. चिटपाखरू नाही.”

“फाट्याच्या अलीकडेही नाही?”

“नाही म्हटलं ना. ह्या पिंजऱ्यांमुळे मी बैलगाडीच्या चालीने आलोय, दिसलं असतं.”

मला फाट्यावर नेऊन सोडा, म्हणाले. त्याने पिंजऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बसायला जागाच नव्हती. “पुढे काही निरोप असेल तर देतो,” तो म्हणाला. मी सांगितलं, सायकलवाले भेटतील, त्यांना सांगा की मिस्त्री तलावाकडे गेलेत, टेम्पो घेऊन या. त्याने ते दोनदा म्हणून दाखवलं आणि तो गेला.

मग मी कोपरा सोडला.

तो चढ मी कशी चढले मला आठवत नाही. छाती फुटेल असं वाटत होतं आणि मनात येत होतं, माझी फुटू दे. माथ्यावरून तलावाचा फाटा दिसला, मोकळा, कोणी नाही. फाट्यावर मी उतरून खाली वाकले. वाहून आलेल्या मातीत एकाच सायकलचा माग होता. सरळ.

तो रस्ता उताराचा. खड्डे, शेवाळ, दोन्ही बाजूंना झुडपं. मी ब्रेक सोडून दिले. हाका मारत होते, “अहो, अहो.” इतक्या वर्षांत मी ह्यांना नावाने कधी बोलावलं नाही, तिथेही जीभ वळली नाही. उतार संपला तिथे एक बंद पंपघर होतं, आणि त्याच्यापुढे रस्ता दोन्हीकडे फुटला होता. पंपघराच्या भिंतीला पाठ लावून हे बसले होते. सायकल स्टँडवर लावलेली, हत्यारांची पिशवी बांधून हँडलला अडकवलेली.

“आलीस?” हे म्हणाले. “जपून, तिथे शेवाळ आहे.”

चेहरा राखेसारखा झाला होता. एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम. एक हात सदऱ्याच्या आत, छातीवर धरलेला. मी बाटली काढली, झाकण दातांनी उघडलं, गोळी जिभेखाली ठेवली. जॅकेट काढून ह्यांच्या अंगावर घातलं. ह्यांचे हात बर्फ झाले होते.

“कधीपासून दुखतंय?”

“पंक्चर काढत होतो तेव्हा धरलं. गारा पडत होत्या ना, तेव्हाच. म्हटलं, गारठ्याने असेल.”

“आणि तसेच चालवत आलात?”

“फाट्यापासून उतारच होता.” बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. “फाट्यावर कोणी नव्हतं. सरळ आलो. इथे बघतो तर दोन रस्ते, आणि दोन्हीकडे खांब नाही, सरळ असं काही नाहीच. तेव्हा कळलं की चुकलं.”

“मग परत का नाही फिरलात? फाट्यावर तरी यायचं होतंत.”

“चुकलं की थांबायचं. आणि चढ होवला नसता मला.” जीभ अडखळली ह्यांची, मग नीट म्हणाले, “झेपला नसता. म्हटलं, तू येशीलच. तू घाईची आहेस ना. म्हटलं, जॅकेटात दुसरं कोणी दिसलं की ही काही उभी राहत नाही. दुपारभर आत्ता येशील, मग येशील, असं करत होतो.”

ज्या घाईसाठी ह्यांनी मला आयुष्यभर टोकलं, त्याच घाईच्या भरवशावर हे इथे बसून होते. आणि मी तिकडे ह्यांच्या नियमाच्या भरवशावर.

“मी कोपऱ्यावर उभी होते,” मी म्हणाले. “तुम्ही याल म्हणून.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी चिडतील. चिडले असते तर किती बरं झालं असतं.

“मग बरोबर,” हे म्हणाले, आणि डोळे मिटले.

मी ह्यांना उठवून उभं करायचा प्रयत्न केला. जमलं नाही, दोघेही पडलो. पाठीवर घ्यायचा प्रयत्न केला. हे म्हणाले, अगं, राहू दे. मी रस्त्यावर जाऊन ओरडले. त्या मुलखात माझा आवाज तलावापर्यंत गेला आणि संपला. मग डब्यांचा खडखडाट ऐकू आला. पलीकडच्या वाड्यांवरून दूध गोळा करून येणारा टेम्पो होता. ड्रायव्हरने काही विचारलं नाही. त्याने आणि मी मिळून ह्यांना उचललं, दुधाच्या डब्यांच्या मध्ये गोणपाट घालून आडवं केलं. सायकली तिथेच राहिल्या. वाटभर मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि डबे आम्हाला दोन्हीकडून टोचत होते. “तुम्ही झोपायचं नाही,” मी सांगत होते. “झोपलात तर बघा.” हे म्हणाले, “डबे नीट बांधलेले नाहीत ह्याने.”

गावातला दवाखाना दोन खोल्यांचा. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी छातीला तारा लावल्या, मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर आली, ती वाचून त्यांनी नर्सला मोठ्या इस्पितळाची गाडी बोलवायला सांगितलं. मग कपाटातून एक छोटी बाटली काढली आणि हातात धरून ह्यांच्यावर वाकल्या.

“दुखायला कधी लागलं काका? घाई नाही, नीट आठवून सांगा. हे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते सगळं त्या वेळेवर आहे. लवकर दिलं तर फायदा, उशिरा दिलं तर फायदा कमी आणि रक्तस्रावाची भीती जास्त.”

“आत्ताच,” हे म्हणाले.

“आत्ताच म्हणजे?”

“ही आली ना, त्याच्या जरा आधी. तोवर मी ठीक होतो. नुसता बसलो होतो.”

मी चमकून बघितलं. हे छताकडे बघत होते. ज्या माणसाने कधी कंडक्टरला मुलीचं वय कमी करून सांगितलं नाही, तो मरणाच्या खाटेवर पडून डॉक्टरशी खोटं बोलत होता. आणि कोणासाठी, ते मला कळायला वेळ लागला नाही. ही आली त्याच्या जरा आधी. म्हणजे ही उशिरा आली असं व्हायलाच नको. घरी गेल्यावरही नाही, लोकांत नाही, माझ्या मनात तर नाहीच.

आणि मला ते हवं होतं. खोटं का सांगू? एक क्षणभर मला ते इतकं हवं होतं की मी गप्प राहिले. डॉक्टरीणबाईंनी बाटलीत सुई घातली.

“खोटं बोलतायत हे,” मी म्हणाले. “गारा पडत होत्या तेव्हापासून दुखतंय.”

त्यांचा हात थांबला. “गारा तर दुपारी पडल्या.”

“हो.”

“इतका वेळ? मग तुम्ही कुठे होतात?”

“कोपऱ्यावर उभी होते,” मी म्हणाले. ह्याहून जास्त त्यांना काय सांगणार? हे तलावाशी माझी वाट बघत होते, मी तिकडे ह्यांची, आणि दोघांपैकी कोणीच चुकलं नव्हतं, हे त्या तरुण डॉक्टरीणबाईंना कसं समजावणार?

त्यांनी सुई बाहेर काढली, बाटली टेबलावर ठेवली आणि फोन उचलला. मोठ्या डॉक्टरांना विचारते, म्हणाल्या. फोन लागेपर्यंत कार्ड पुढे ओढून त्या लिहायला लागल्या. हे डोकं उचलायचा प्रयत्न करत होते. मी ह्यांचा खांदा दाबून धरला.

“डॉक्टर,” हे म्हणाले, “ते लिहू नका. हिची काही चूक नाही त्यात.”

“मी चूक नाही लिहीत काका,” त्या म्हणाल्या. “वेळ लिहितेय.”